बीएच४ तिथे बसून करतो काय? नायट्रिक ऑक्साइड सिंथेज कॉम्प्युटरवर उघडून बघण्याची रीत

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं : टेट्राहायड्रोबायोप्टेरिन, म्हणजे बीएच४, हा नायट्रिक ऑक्साइड सिंथेजचा अत्यावश्यक कोफॅक्टर आहे. वाक्य बरोबर असतं (सिंथेज म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम, कोफॅक्टर म्हणजे त्याच्या कामाला लागणारा मदतनीस रेणू), गुण द्यावेच लागतात. मग तोंडी परीक्षेत विचारावं, की अत्यावश्यक म्हणजे नेमकं कशासाठी, तर गाडी तिथेच अडते. मागे साक्रीकडच्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न मलाच केला, तिच्या घरच्या अहिराणीत : "मॅडम, पन तो तठे बशीसन करस काय?" इतका नेमका प्रश्न मला पाठ्यपुस्तकात कुठे सापडलेला नाही. तेव्हापासून हा भाग मी फळ्यावर शिकवायचा सोडला. मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवते आणि रेणू उघडून बघायला लावते. ती रीत इथे लिहिते आहे, म्हणजे शिरपूर, रावेर, नवापूर, कुठल्याही कॉलेजातल्या मुलांना एकट्याने करता येईल.

मी अमळनेरला शिकवते. आमचे कॉम्प्युटर जुने आहेत, इंटरनेट येतं-जातं, आणि उन्हाळ्यात दुपारची वीज गेली की सगळंच थांबतं. तरीही हे जमतं, कारण लागणाऱ्या फाइली अगदी लहान आहेत आणि सॉफ्टवेअर शिकण्यासाठी फुकट मिळतं.

आधी एवढं माहीत हवं

नायट्रिक ऑक्साइड सिंथेजला यापुढे नॉस म्हणू. माणसात त्याचे तीन प्रकार आहेत : चेतापेशींतलं एन-नॉस, मॅक्रोफेजसारख्या पेशी गरज पडेल तेव्हा बनवतात ते आय-नॉस, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातलं ई-नॉस. काम तिघांचं एकच. आर्जिनिन घ्यायचं आणि दोन टप्प्यांत त्याचं सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड करायचं. मधला थांबा एन-हायड्रॉक्सी-आर्जिनिनचा. प्रत्येक साखळीचे दोन भाग असतात. पुढच्या ऑक्सिजनेज भागात हीम (मधोमध लोह असलेलं कडं), आर्जिनिन आणि आपला बीएच४ बसतो. मागच्या रिडक्टेज भागात एफएमएन आणि एफएडी असतात, तिथे एनएडीपीएच इलेक्ट्रॉन आणून देतं. दोन्हींच्या मध्ये कॅल्मोड्युलिन बसायची पट्टी.

नॉस काम करतं ते जोडीनेच, म्हणजे डायमर असतानाच. एका साखळीच्या रिडक्टेजमधून निघालेला इलेक्ट्रॉन शेजारच्या साखळीच्या हीमकडे जातो. हे वाक्य वहीत अधोरेखित करून ठेवा. जोडी सुटली की नायट्रिक ऑक्साइड का थांबतं, त्याचं उत्तर यातच आहे.

फाइली कोणत्या घ्यायच्या

कायमेरा हे रेणूंची रचना दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्याची नवी आवृत्ती कायमेरा-एक्स नावाने मिळते, पण जुन्या कॉम्प्युटरवर मूळ कायमेराच बरं चालतं. इन्स्टॉल करणं कुठल्याही सॉफ्टवेअरसारखंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

मग 'फाइल'मधून 'फेच बाय आयडी' उघडा आणि प्रोटीन डेटा बँकेतल्या चार फाइली आणा. पहिली १-एन-ओ-डी : उंदराच्या आय-नॉसचा ऑक्सिजनेज भाग, डायमर, बीएच४ आणि आर्जिनिनसकट. दुसरी १-एन-ओ-एस : त्याच आय-नॉसची एकटी साखळी, मोनोमर. तिसरी १-एन-एस-ई : गाईच्या ई-नॉसचा तोच भाग, बीएच४सह. चौथी ३-एन-एस-ई : तेच ई-नॉस, पण बीएच४ नसलेलं. कोड इंग्रजीत टाइप करायचे, हे वेगळं सांगायला नको. वीज आहे तोवर चारही फाइली पेनड्राइव्हवर साठवून ठेवा, पुढचं काम इंटरनेटशिवाय होतं.

खिशात डोकवा

पहिली फाइल उघडली की फितींचा गुंता दिसेल. घाबरू नका. आधी 'टूल्स'मध्ये 'डिपिक्शन', तिथे 'रेनबो', आणि रंग साखळीप्रमाणे द्या. दोन साखळ्या दोन रंगांत वेगळ्या झाल्या, की अर्धा गुंता सुटतो.

आता 'सिलेक्ट', 'रेसिड्यू', आणि यादीतून बीएच४ निवडा. फाइलीत त्याचं नाव उलटं लिहिलेलं असतं, आधी एच४ आणि मग बी. ते नाव नाही म्हणून मुलं परत येतात, म्हणून सांगते. दोन बीएच४ उजळतील, प्रत्येक साखळीला एक. मग 'सिलेक्ट'मधलं 'झोन' वापरून चार अँगस्ट्रॉमच्या आतले सगळे शेजारी निवडा, 'ॲक्शन्स'मधून त्यांचे अणू दाखवा आणि नावांची लेबलं लावा. आता माउसने सावकाश फिरवा. घाई करू नका, इथे निदान अर्धा तास घालवावा असं माझं मत आहे. पुढचं सगळं इथे दिसणाऱ्या चार-पाच गोष्टींवर उभं आहे.

पहिली गोष्ट, ट्रिप्टोफॅन ४५७. बीएच४चं टेरिन कडं (त्याच्या रेणूतला दुहेरी कड्याचा भाग) आणि या ट्रिप्टोफॅनचं कडं एकमेकांवर सपाट, समांतर पडलेली दिसतील. स्क्रीन अशी फिरवा की दोन्ही कडी कडेने दिसतील, म्हणजे समांतरपणा लगेच लक्षात येतो.

दुसरी, आर्जिनिन ३७५. हे साखळीतलं आर्जिनिन आहे, सब्स्ट्रेट म्हणून बसलेलं सुटं आर्जिनिन नव्हे. दोघांत गल्लत होते, म्हणून लेबलावरचा क्रमांक बघायची सवय लावा. हे आर्जिनिन टेरिनच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेरिनच्या दुसऱ्या बाजूचा नायट्रोजन शोधा आणि तिथून हीमकडे बघा. हीमला दोन शेपट्या असतात, प्रोपिओनेटच्या. त्यातल्या एकीला बीएच४ने हायड्रोजन बंधाने पकडलेलं आहे. 'टूल्स'मधल्या 'स्ट्रक्चर ॲनालिसिस'खाली 'फाइंड एच-बाँड' चालवलंत तर ती रेष स्क्रीनवर उमटेल. मग टेरिनपासून हीमच्या लोहापर्यंतचं अंतर मोजा. कंट्रोल दाबून पहिल्या अणूवर क्लिक करा, मग कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून दुसऱ्यावर डबल-क्लिक करा, अंतराचा पर्याय समोर येईल. आकडा स्वतः वाचा. लोहाला चिकटलेल्या ऑक्सिजनला बीएच४ हात लावू शकत नाही, हे त्या आकड्यावरून कळतं. त्याचं जे काही चालतं ते हीमच्या कडेवरून, इलेक्ट्रॉनच्या वाटेने.

चौथी, फेनिलॅलनिन ४७०. याचा रंग बघा. ते दुसऱ्या साखळीचं आहे! बीएच४चा खिसा एका साखळीत पूर्ण होतच नाही, त्याची एक भिंत शेजारच्या साखळीतून येते. वर्गात हा रंग ओळखला गेला की मुलं आपणहून बोलायला लागतात, कारण बीएच४ आणि डायमर यांचा संबंध आता पाठ करायची गोष्ट राहत नाही, समोर दिसते.

तो संबंध पक्का करायला दुसरी फाइल, एकट्या साखळीची, शेजारी उघडा. त्या प्रोटीनमधले सुरुवातीचे ११४ अमिनो आम्ल छाटलेले आहेत, पहिल्या फाइलीत फक्त ६५. मधल्या तुकड्याचाच फरक, आणि तेवढ्याने जोडीही जमत नाही आणि बीएच४ही बसत नाही. एकट्या साखळीत हीमचा परिसर किती उघडा पडलाय ते बघा. हीमला तिथे सिस्टीन १९४ने धरलेलं आहे, ते दोन्ही फाइलींत तसंच आहे.

तीन कामं, आणि ती वेगळी ठेवणं

जेवढं पाहिलं त्यावरून दोन कामं सांगता येतात. बीएच४ दोन साखळ्यांच्या सांध्याशी बसून जोडी पक्की करतो. आणि हीमच्या शेजारी बसून हीमची अवस्था बदलतो : लोह लो-स्पिनमधून हाय-स्पिनमध्ये जातं (म्हणजे लोहातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते), आर्जिनिन नीट बसतं. ही दुसरी गोष्ट स्ट्रक्चरमध्ये दिसत नाही, स्पेक्ट्रममध्ये दिसते. त्याबद्दल पुढे.

इथे थांबलात तर बीएच४ म्हणजे केवळ आधाराचा खांब ठरेल. बरीच वर्षं शास्त्रज्ञांतही हा वाद होता. मॅक्रोफेजच्या नॉसला बीएच४ लागतो हे १९८९ मध्ये दोन गटांनी दाखवलं : ताये आणि मारलेटा यांनी, आणि क्वोन, नेथन व स्टुअर यांनी. पण तो तिथे रासायनिक काम करतो की नुसता आकार सांभाळतो, हे ठरायला आणखी दहा वर्षं गेली.

ते ठरवण्याची युक्ती शिकून घ्या, कुठल्याही कोफॅक्टरला उपयोगी पडते. जागेवर तसाच बसेल पण इलेक्ट्रॉन देऊ शकणार नाही असा जुळा रेणू शोधायचा. बीएच४चं ४-अमिनो रूप नॉसमध्ये बसतं, जोडी धरून ठेवतं, हीमला हाय-स्पिनमध्ये नेतं. आणि नायट्रिक ऑक्साइड मात्र बनत नाही. बीएच२, म्हणजे बीएच४चं ऑक्सिडाइज झालेलं रूप, तेही बसतं आणि तेही निकामी ठरतं. म्हणजे पहिली दोन कामं पार पडूनही एन्झाइम मुकं राहतं. तिसरं काम असलंच पाहिजे.

ते तिसरं काम हातउसन्याचं आहे. हीमच्या लोहाला रिडक्टेजकडून एक इलेक्ट्रॉन मिळतो, त्यावर ऑक्सिजन येऊन बसतो. आता ताबडतोब दुसरा इलेक्ट्रॉन हवा. रिडक्टेजकडून तो येईपर्यंत वेळ लागतो, आणि तोवर लोह-ऑक्सिजनची ही जोडी मोडून सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं उपद्रवी रूप, निसटण्याची भीती. बीएच४ शेजारीच आहे, तो आपला एक इलेक्ट्रॉन चटकन उसना देतो आणि स्वतः रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला रेणू, होऊन बसतो. ऑक्सिजन सक्रिय होतो, आर्जिनिनवर हायड्रॉक्सिल चढतं. पहिल्या टप्प्यात ही उसनवारी रिडक्टेज फेडतं. दुसऱ्या टप्प्यात बीएच४ पुन्हा देतो, पण या वेळी परतफेड हीमच करतं : नायट्रिक ऑक्साइड चिकटलेलं लोह तो इलेक्ट्रॉन बीएच४ला परत करतं. ही परतफेड महत्त्वाची. इलेक्ट्रॉन परत दिल्यावर लोह फेरिक होतं, आणि फेरिक लोह नायट्रिक ऑक्साइडला सैल धरतं, म्हणून तो सुटतो.

बीएच४चा हा रॅडिकल मारलेटा यांच्या गटाने १९९९ मध्ये पकडला. प्रक्रिया मिलिसेकंदांत गोठवायची आणि ईपीआर यंत्राने, म्हणजे असे जोडीविना इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या यंत्राने, बघायचं, ही पद्धत. पुढे स्टुअर यांच्या प्रयोगशाळेने ट्रिप्टोफॅन ४५७ बदलून पाहिलं, तर बीएच४ची इलेक्ट्रॉन देण्याची गती मंदावली. आता पहिल्या फाइलीकडे परत जा आणि ती समांतर कडी पुन्हा बघा. मघाशी ती नुसती सुबक दिसत होती.

एक सावधगिरी. फेनिलॅलनिन हायड्रॉक्सिलेजमध्येही बीएच४ असतो आणि बहुतेक पुस्तकांत त्याचंच चित्र दिलेलं असतं. तिथे बीएच४ दोन इलेक्ट्रॉन देतो, एन्झाइम सोडून बाहेर जातो आणि दुसरी एन्झाइम्स त्याला पूर्ववत करतात. नॉसमध्ये तो जागचा हलत नाही, एकाच इलेक्ट्रॉनचा व्यवहार करतो आणि जागेवरच पूर्ववत होतो. ते चित्र उचलून इथे चिकटवू नका.

प्रयोगशाळेत हे कसं ओळखायचं

शुद्ध नॉस आपल्याकडे पदवीच्या लॅबमध्ये नसतं. पण जळगावला विद्यापीठात किंवा बाहेर प्रोजेक्टला गेलात, तर दोन गोष्टी हाताशी असू द्या.

पहिली, स्पेक्ट्रम. बीएच४ आणि आर्जिनिन नसताना हीमचं शिखर साधारण ४२० नॅनोमीटरच्या आसपास असतं. दोन्ही घातले की ते ३९५ ते ४०० कडे सरकतं. हे सरकणं म्हणजेच लो-स्पिनमधून हाय-स्पिनमध्ये जाणं. बीएच४ थोडा थोडा वाढवत नेऊन हा बदल आलेखावर मांडला, की तो किती घट्ट बसतो ते काढता येतं. एन-नॉसवर काम करत असाल तर आलेख सरळसाधा येणार नाही. तिथे जोडीतला पहिला बीएच४ फार घट्ट बसतो आणि त्यामुळे दुसऱ्याची पकड बरीच ढिली होते. एकाच बंधनांकात सगळे बिंदू बसवायचा हट्ट धरू नका.

दुसरी, थंड जेल. जोडी टिकली की सुटली हे एसडीएस जेलवर बघतात, पण नमुना उकळायचा नाही. उकळलात की सगळंच मोनोमर दिसणार. जेलची टाकी बर्फात ठेवून चालवा. आपल्याकडच्या मे महिन्यात टाकीभोवतीचा बर्फ जेल संपायच्या आधीच वितळतो, म्हणून जास्तीचा बर्फ आधी तयार ठेवा किंवा हे काम सकाळी उरका. ई-नॉसची एक साखळी साधारण १३० किलोडाल्टनच्या पुढे दिसते, जोडी त्याच्या दुप्पट वजनाला.

आणि बीएच४ जपा. कोरडी पूड उणे वीस अंशांवर टिकते. न्यूट्रल बफरमध्ये विरघळवून हवेत ठेवलीत तर तासाभरात त्यातला बराच भाग ऑक्सिडाइज होतो, आणि तुम्ही बीएच४ समजून बीएच२ घालत बसता. द्रावण ऐनवेळी बनवा, त्यात डायथायोथ्रायटॉलसारखा क्षपणक घाला, बर्फात ठेवा, उजेडापासून झाका. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. फ्रीजरची वीज रात्री गेली होती का, हे सकाळी विचारायला विसरू नका.

शरीर बीएच४ कसा हाताळतं

पेशीत बीएच४ जीटीपीपासून बनतो. पहिलं एन्झाइम जीटीपी सायक्लोहायड्रोलेज, आणि वेग तिथेच ठरतो. संसर्गाच्या वेळी सायटोकाइन आय-नॉसबरोबर हे एन्झाइमही वाढवतात, कारण नुसतं आय-नॉस बनवून बीएच४ अपुरा पडला तर उपयोग नाही. ऑक्सिडाइज होऊन बीएच२ झालेला भाग डायहायड्रोफोलेट रिडक्टेज परत बीएच४ करतं.

एप्रिलच्या दुपारी जळगावच्या बस स्टँडवर उतरलं की अंग लालबुंद होतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकायला रुंदावतात, त्यात नायट्रिक ऑक्साइडचाही वाटा असतो. वर्गात हे उदाहरण मी देतेच, कारण हा रेणू मुलांच्या अंगात त्या क्षणी काम करत असतो.

बीएच४ कमी पडला किंवा बीएच२ने जागा अडवली, की ई-नॉस अनकपल होतं : तिसरं काम बंद, आणि नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड. हे सुपरऑक्साइड उरल्यासुरल्या नायट्रिक ऑक्साइडशी मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनवतं, आणि ते आणखी बीएच४ जाळतं. मधुमेह, उच्च रक्तदाब, धमन्या कठीण होणं, यांच्या अभ्यासात हे चक्र पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून एकूण बायोप्टेरिन किती यापेक्षा बीएच४ आणि बीएच२ यांचं गुणोत्तर बघायचं. हृदयरोग्यांना तोंडाने बीएच४ देऊन २०१२ मध्ये झालेल्या एका चाचणीत रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं नाही, कारण दिलेला बीएच४ शरीरात ऑक्सिडाइज होऊन बीएच२ही वाढला. निबंधात 'बीएच४ द्या, प्रश्न सुटेल' असं लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता स्वतः करा

उरलेल्या दोन फाइली, ई-नॉसच्या, शेजारी शेजारी उघडा. बीएच४ असलेली आणि नसलेली. दोन्ही १९९८ मध्ये एकाच गटाने प्रसिद्ध केल्या. आधी जोडी बघा : बीएच४ नसतानाही ती सुटलेली नाही. सांध्यावर दोन्ही साखळ्यांच्या दोन-दोन सिस्टीननी धरलेला जस्ताचा अणू शोधा, तो दोन्हींत आहे. म्हणजे 'बीएच४ गेला की डायमर मोडतो' हे वाक्य आय-नॉससाठी जितकं खरं, तितकं ई-नॉससाठी नाही. उत्तर लिहिताना कोणत्या नॉसबद्दल बोलताय ते लिहा.

मग बीएच४च्या रिकाम्या खिशात डोकवा. तो रिकामा नाही. तिथे एक आर्जिनिन येऊन बसलंय, सब्स्ट्रेटचं आर्जिनिन, भलत्याच जागी. आर्जिनिनवर धन प्रभार असतो. एवढ्यावरून त्या गटाने तर्क केला की ही जागा धन प्रभाराचं टेरिन सांभाळायला घडलेली असावी, म्हणजे काम करताना बीएच४ एक इलेक्ट्रॉन गमावून धन प्रभाराचा रॅडिकल होत असावा. रॅडिकल हाती लागण्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही फाइलींत हीमच्या प्रोपिओनेटपासून या दोन पाहुण्यांची अंतरं मोजा, वहीत शेजारी शेजारी लिहा, आणि सर्वात जवळचा नायट्रोजन कोणता ते ओळखून त्याच्याखाली रेघ मारा.